घोळ नाही, घोल

आमच्या गुणवंताच्या घरी चमचा नाही.

याचा अर्थ गरिबी आहे असा कोणी काढू नये. नगरपालिकेची पेन्शन आहे, सौंसरात स्लॅबचं घर आहे, अंगणात नळ आहे, फळीवर लग्नातले स्टीलचे डबे ओळीनं मांडलेले आहेत. चमचा तेवढा नाही. भाजी तो वाटीनं वाढतो. पोहे बोटांनी खायला लावतो. त्याला शुगर आहे, म्हणून चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, साखर पडत नाही. आपल्यासमोर फिका चहा ठेवतो, वरून चिमटीनं साखर सोडतो आणि म्हणतो, "दम धरा, साडभाऊ. हलवू नका. ते आपल्या मनानं जाते."

ते म्हणजे साखर. ती आपल्या मनानं कुठं जात नाही. बुडाशी जाऊन बसते. आपण वरचा फिका चहा पीत राहायचं आणि शेवटच्या घोटात तोंडात पाक यायचा. सगळा चहा एकीकडं, सगळा गोडवा दुसरीकडं. मी दाढेखाली साखर चावत घरी येतो.

आता माझं वय झालं. गुडघे ऐकत नाहीत, बगिच्यात पहिल्यासारखं फिरणं होत नाही, सोबतचे लोक एकेक करून गेले. जे राहिले ते मोबाइलात पाहत बसतात. दिवसभरात चहा ही एकच गोष्ट राहिली जी मी माझ्या मनासारखी मागतो, तीही मिळू नये? मग मी घरून चमचा नेऊ लागलो. सदऱ्याच्या खिशात घालून. पहिल्या दिवशी गुणवंतानं तो खिशातूनच ओढला आणि अलगद कपाटावर ठेवून दिला. मी दुसरा नेला. तोही गेला. काही दिवसांनी माझ्या बायकोनं विचारलं, घरातले चमचे कुठं जाऊन राहिले? मी म्हटलं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याले इचार. ती माझ्याकडं पाहून हसली आणि भाकरी थापायला लागली. तेव्हाच मी विचारायला पाहिजे होतं की हसली काहून. पण बायकोला विचारणं माझ्या स्वभावात नाही.

तर गुणवंत माझा साडू. मोठी बहीण माझ्या घरात, धाकटी कमल त्याच्या घरात. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तो आठवीपर्यंत. तो फरक त्यानं मला आयुष्यभर विसरू दिला नाही. मी शेतीत राहिलो, रामाकोन्याला माझा संत्र्याचा बगिचा आहे; म्हातारपणी मात्र सौंसरात राहायला आलो. तो नगरपालिकेच्या पाणीटाकीवर लागला. नदीचं गढूळ पाणी यायचं, त्यात फिटकरी, म्हणजे तुरटी, विरघळवायची, गाळ बसला की ब्लीचिंग पावडर कालवून टाकायची, आणि नळ सोडायचा. नोकरी एवढीच. पण त्याला विचाराल तर सारं सौंसर त्याच्या हातचं पाणी पिऊन वाढलं. रस्त्यानं एखादा धडधाकट माणूस चालला असला की गुणवंत म्हणणार, "पाहा, हे माह्या फिटकरीवर पोसलेलं हाड."

आणि गंमत ऐका. या माणसानं नोकरीभर बांबू घेऊन पाणी घुसळलं. मी कामानं सौंसरला आलो की टाकीवर जायचो. दुरूनच आवाज यायचा, धबाक्, धबाक्. उघड्या अंगानं हौदावर उभा राहून तो बांबू फिरवायचा आणि ओरडायचा, "हलवल्याशिवाय दुनियेत काही होत नाही, साडभाऊ!" तोच माणूस आता कपातला चहा हलवू देत नाही. मी त्याला ते बोलून दाखवलं. तर म्हणतो, "तेव्हा मी अडाणी होतो." आठवी शिकलेला माणूस चौथीवाल्याला म्हणतो मी अडाणी होतो.

त्याच्या नोकरीतली एक गोष्ट साऱ्या सौंसरला माहीत आहे. आमचं इकडचं असं आहे की घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. छिंदवाड्याकडून एक मोठे साहेब टाकी पाहायला आले. त्यांनी गुणवंताला विचारलं, "घोल तैयार है?" साहेबाच्या हिंदीत घोल म्हणजे पाण्यात कालवून ठेवलेलं औषध. आमच्या मराठीत घोळ म्हणजे गोंधळ, गडबड. गुणवंतानं छाती पुढं काढून सांगितलं, "नहीं साहब. हमारे यहाँ कोई घोळ नहीं है." साहेबानं पुन्हा विचारलं, सकाळपासून नाही? गुणवंत म्हणाला, सकाळपासून काय, मी लागलो तेव्हापासून इथं घोळ नाही, आणि मी असेपर्यंत होऊ देणार नाही. साहेब लाल. गावाला बिनऔषधाचं पाणी पाजून राहिला आणि वरून छाती फुगवून सांगतो! मागं भरलेल्या बादल्या दाखवल्या तेव्हा कुठं नोकरी वाचली. तेव्हापासून पोरं त्याला घोलबाबा म्हणू लागली. दुसरा माणूस लाजला असता. यानं त्याचं ब्रीद केलं. कोणतंही काम नीट झालं की म्हणणार, "घोळ नाही, घोल." बिघडलं की, "घोल नाही, घोळ."

रिटायर झाल्यावर त्याचं शास्त्र वाढलं. बसल्या बसल्या तो माणसं विरघळवायला लागला. त्याच्या हिशेबी दुनियेत तीन जाती. साखरेची जात, जी चार लोकांत मिसळून जाते. रेतीची जात, जी कितीही घुसळा, पुन्हा खाली बसते. आणि तेलाची जात, जी वरच्या वर तरंगते. पुढारी तेल. त्याचा पोरगा प्रमोद नागपूरला गेला आणि फ्लॅट घेतला, तो थोडा तेलाकडं झुकलेला. मी रेती. हे त्यानं मला माझ्या तोंडावर सांगितलं, माझ्याच ओट्यावर बसून, माझ्या घरचा हलवलेला चहा पिऊन. मी चिडून म्हटलं, मग तुझी बायको कोणत्या जातीची? मला वाटलं अडकला. तर लगेच म्हणाला, "ते फिटकरी. स्वतः विरघळून जाते आन् बाकीच्यायचा गाळ खाली बसवते."

कमल तेव्हा हिंडती-फिरती होती. माझ्या बायकोपाशी बसायला आली होती, आतून तिनं म्हटलं, "भाऊजी, याले च्या देऊ नका, लय बोलते." ती नवऱ्याला कधी अहो-जाहो करायची, कधी थट्टेत अरे-तुरे. त्यांच्या घरात दोघंच, पण पंगत बसल्यासारखा आवाज असायचा.

मग तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं तुटलं. नागपूरच्या दवाखान्यात पडून होती, तिथून घरी आणली. गोळ्या रोजच्या, चुकवून चालणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं. पण कमल गोळी घेईना. दात मिटून भिंतीकडं तोंड करायची. प्रमोद चांगला पोरगा आहे, तेल असो की काही असो. त्यानं बापाला साफ सांगितलं, आईच्या पोटात गोळ्या गेल्या तर ठीक, नाहीतर मी तिला नागपूरला नेतो, नाकात नळी घालावी लागली तर तेही करतो. आणि कमलला घराबाहेर जायचं नव्हतं. दवाखान्यात ती दिवसभर दाराकडं पाहत राहायची आणि एकच शब्द म्हणायची, "घरी."

मी तिला पाहायला एकदा गेलो. हसती-बोलती बाई खाटेवर अशी पाहवेना. त्यानंतर मी ओट्यावरच बसतो. माझी बायको रोज दुपारी आत जाऊन बसते. गुणवंत बाहेर येतो, मला तो न हलवलेला चहा पाजतो. कमल कशी आहे विचारलं की म्हणतो, "घोल."

चमचे याच दिवसांत गायब झाले. पण म्हातारा माणूस घरच्या दुखण्यानं भिरमटतो, असं मी धरून चाललो. आणि भिरमटला म्हणायला कारणंही तशीच होती.

बोरगावला माझ्या पुतण्याच्या पोरीचं लग्न होतं. कमलपाशी माझी बायको थांबली आणि गुणवंताला मी ओढून नेलं, म्हटलं चार माणसांत जरा मन रमेल. तिथं लिंबाच्या शरबताचा ड्रम भरत होते. पाण्याचं काम दिसलं की गुणवंताच्या अंगात येते. त्यानं पोरांना बाजूला सारलं, बर्फाच्या पाण्यात साखरेचं पोतं ओतलं आणि पोरांच्या हातची दांडी हिसकून घेतली. खुर्ची टाकून ड्रमला पहारा देत बसला. कोणी हलवू नका. ड्रमाची तोटी बुडाशी. वरपक्षाची वडीलधारी माणसं पहिली आली, त्यांच्या गिलासात तोटीतून घट्ट पाक पडला. ओठ चिकटले. मागची माणसं आली तोवर नुसतं आंबट पाणी. नवरदेवाचा मामा मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नवरीकडचे लोक गोड हायेत बावा. पण मांगून मांगून आंबट होत जातात."

मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. परत येताना बसमध्ये मी त्याला म्हटलं, तुले लाज नाही? तर मला समजावतो, चूक साखरेची नाही, बर्फाची. पाण्यालाही पोट असतं. गरम पाण्याचं पोट मोठं, लय साखर मावते. थंड पाण्याचं पोट लहान. पोट भरलं की उरलेलं खाली टाकते. मी म्हटलं, दांडी फिरवली असती तर? त्यावर तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "दांडीनं घाई होते, साडभाऊ. आन् आवाज होते." शरबताचा कसला आवाज, मला कळलं नाही. मी थकलो होतो. झोपून गेलो.

आणखी एक सांगायचं राहिलं. याच दिवसांत एकदा तो माझ्याबरोबर रामाकोन्याला आला. दुसऱ्या दिवशी संत्र्यावर फवारणी होती. मी ड्रमावर आडवी काठी ठेवली, मोरचुदाचे निळे खडे फडक्यात बांधले आणि ती पोटली काठीला टांगून पाण्यात जराशी बुडेल अशी सोडली. माझा बाप तसंच करायचा. खडे बुडाशी टाकले तर घुसळून हात मोडतात. वर टांगले की निळं पाणी जड होऊन आपोआप खाली उतरते, कोरं पाणी वर येते, आणि सकाळपर्यंत पोटली रिकामी. कोणी हात लावायला नको. गुणवंत त्या ड्रमापाशी बसला तो उठेना. पाण्यात पोटलीतून निळी रेघ धुरासारखी खाली उतरत होती, ती पाहत राहिला. मी दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी म्हणाला, "हे तुम्ही मले पहिले काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं, तू आठवी शिकलेला, तुले काय सांगायचं. पहिल्यांदाच त्याला माझ्याकडून काही शिकावं लागलं होतं, आणि मी ते सहजासहजी सोडणार नव्हतो.

मागच्या महिन्यात प्रमोदचा फोन आला. मावसाजी, तुम्ही बाबाले समजवा, तुमचं ऐकतील. म्हणाला, आईच्या गोळ्या जाऊन राहिल्या असं बाबा सांगतात, पण मला भरवसा नाही. चमच्यानं देताना मी डोळ्यानं पाहिलं, ती तोंड उघडत नव्हती. आता मी आलो तर मला खोलीत येऊ देत नाहीत. या रविवारी गाडी घेऊन येतो आणि आईला नेतो. तुम्ही पहिले बोलून ठेवा.

मला ते पटलं. मी म्हातारा, गुणवंतही म्हातारा. आजारी बाई म्हाताऱ्याच्या भरवशावर कशी ठेवायची? मी दुपारीच निघालो, बायकोच्याही आधी. खिशात चमचा होता. सवय.

एरवी मी रस्त्यावरूनच हाक मारतो. त्या दिवशी ऊन होतं, घसा सुकला होता, हाक निघाली नाही. फाटक उघडून ओट्यावर आलो, तिथं कोणी नव्हतं. कमलच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी आत डोकावलो.

गुणवंत खाटेजवळ स्टुलावर बसला होता. कप दोन्ही तळव्यांत धरलेला, थंडीत चिमणीचं पिल्लू धरावं तसा. कपावर उदबत्तीची काडी आडवी. काडीला दोरा. दोऱ्याच्या टोकाला मलमलीची चिंचोक्याएवढी पोटली, संत्र्याच्या कोमट रसात जराशी बुडालेली. तिच्यातून पांढरी रेघ धुरासारखी खाली उतरत होती.

माझी पोटली. माझ्या बापाची पोटली.

त्यानं मला पाहिलं आणि भुवईनं सांगितलं, बोलू नका. मी पायांचा आवाज न करता जवळ गेलो. तो माझ्या कानाशी आला. "चमचा वाजला का दात मिटते ते," त्यानं सांगितलं. "दवाखान्यापासून. खलबत्त्याचाही आवाज समजते तिले. असं केलं त रस समजून पेते."

इतके दिवस माझा चहा का हलला नाही, ते मला तिथं उभ्या उभ्या समजलं. ओट्यावरून त्या खाटेपर्यंत एक भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची.

कमल डोळे मिटून होती. पोटली रिकामी झाली का ते पाहायला मी वाकलो, आणि खिशातला चमचा निसटला.

फरशीवर पडला तो खण्ण करून. मग फिरत फिरत खाटेच्या पायाला लागला, पुन्हा वाजला.

कमलनं डोळे उघडले. गुणवंतानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मोठा पाइप फुटून सारं गाव कोरडं राहिलं होतं तेव्हा त्याचा चेहरा झाला होता, तसा तो बसून राहिला. कप हातातच. रविवारी गाडी येणार हे त्यालाही माहीत होतं.

कमलनं मान वळवून चमच्याकडं पाहिलं. मग कपाकडं. मग त्याच्याकडं, बराच वेळ. आणि तोंड उघडलं. वाकडं, एका बाजूनं, पण उघडलं.

गुणवंताला क्षणभर उमजेना. मग त्यानं पोटली काढली, तिच्या मानेखाली हात घातला आणि कप ओठाला लावला. ती सगळा रस प्यायली. थेंबभर हनुवटीवर ओघळला, तो त्यानं आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला.

"कान कमी झाले वाटते तिचे," तो मला म्हणाला. आवाजात सुटका होती.

"वय झालं न," मी म्हटलं.

तो कप धुवायला अंगणात गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला तशी कमल बोलली. एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलत होती.

"भाऊजी. मले मालूम हाये. गोळी." थांबली. दम घेतला. "पयल्यापासून. त्यायले सांगू नका."

मी मान हलवली.

"लय मन लावून करतात," ती म्हणाली. मग तिचं अर्धं तोंड हसलं. "घोल."

मी चमचा उचलला. पुन्हा वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरला आणि बाहेर आलो. नागपूरचा विषय काढलाच नाही.

संध्याकाळी प्रमोदला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईच्या पोटात गोळी जाताना मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. गाडी आण, पण रिकामी परत ने. आणि येशील तेव्हा त्या घरात काही वाजवू नको. तो म्हणाला, मावसाजी, तुम्ही तर बाबाच्या बाजूनं गेले. मी म्हटलं, "मी कोणाच्या बाजूनं जात नाही. मी रेती हाये. जिथं बसतो तिथं बसतो." त्याला काही समजलं नसावं. पण रविवारी तो आईजवळ बसला, जेवला आणि एकटाच गेला.

घरी बायकोला विचारलं, तुले मालूम होतं? ती म्हणाली, "आख्ख्या गल्लीले मालूम हाये. तुम्ही इचारलं कधी?" कमल मला जे बोलली ते मात्र मी तिलाही सांगितलं नाही. तेवढं माझ्यापाशी बुडाशी बसलेलं बरं.

आता मी रोजच्यासारखा जातो. फाटकाच्या कडीला चिंधी गुंडाळली आहे, ती मीच. रस्त्यावरून हाक मारत नाही. गुणवंत फिका चहा आणतो, वरून साखर सोडतो, आणि माझ्या खिशाकडं पाहतो. परवा न राहवून त्यानं विचारलंच.

"चमचा नाही आणला आज?"

"हारपला," मी म्हटलं.

आम्ही दोघं कपात पाहत बसलो. साखर आपल्या मनानं जात होती.